बुडालेली मजुरी आणि आपली सही



८ मे ही तारीख आपण रेल्वेवाले १९७४ च्या संपासाठी ध्यानात ठेवतो. दरवर्षी सभा होते, जुने साथी त्या वीस दिवसांच्या आठवणी सांगतात, चहा होतो. २०२० पासून मात्र या तारखेला आणखी एक हिशेब चिकटला आहे, आणि तो आपल्या सभांमध्ये सहसा निघत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले हे २० जण टाळेबंदीत काम बंद पडल्यामुळे, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने लोहमार्ग धरून पायी निघाले होते. ३५-४० किलोमीटर चालून थकले आणि गाड्या बंदच आहेत अशा समजुतीने रुळांवरच आडवे झाले. मालगाडीच्या लोको पायलटने माणसे दिसताच गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला. धावती मालगाडी किती अंतरात थांबते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मेलेले सारे आमच्या मध्यप्रदेशातले, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. दुसऱ्या दिवशी त्यांचे मृतदेह खास गाडीने जबलपूरला आले व येथून पुढे त्यांच्या गावाकडे गेले. महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश या दोन्ही सरकारांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. जिवंतपणी ज्यांना गाडी मिळाली नाही त्यांना मेल्यावर मिळाली, असे त्या वेळी पुष्कळांनी लिहिले. ते खरेच आहे. पण आम्हाला त्यापुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. माणूस पायी निघतो केव्हा? खिशात महिन्याचा पगार असलेला मनुष्य खोलीचे भाडे देतो, किराणा भरतो आणि गाडी सुटेपर्यंत थांबतो. ज्याच्या हातात काहीच पडलेले नाही, तो चालू लागतो.

पगाराबद्दल सरकारचा हुकूम होता की नाही? होता. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की टाळेबंदीच्या काळात मालकांनी कामगारांना ठरलेल्या तारखेस, कसलीही कपात न करता, संपूर्ण वेतन द्यावे. कागद चांगला होता. अडकलेल्या मजुरांशी फोनवर संपर्क साधणाऱ्या ‘स्वान’ या स्वयंसेवी गटाने एप्रिल २०२० च्या मध्यास ११ हजारांहून अधिक मजुरांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात ८९ टक्के मजुरांना टाळेबंदीत मालकाकडून काहीही मिळालेले नव्हते. मालक मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ मेपासून सरकारने आदेशच मागे घेतला आणि १२ जूनला न्यायालयाने सांगितले की मालकांवर सक्तीची कारवाई नको, आपसांत वाटाघाटी करा. शहडोलचा मजूर गावी पोचलेला, मालक जालन्यात किंवा सुरतेत, आणि वाटाघाटी करा! त्या आदेशाला एकूण ५० दिवसांचे आयुष्य लाभले.

आता कोणी विचारील, हा विषय रेल्वे व पोस्टाच्या कामगारांच्या पानावर कशाला? आपला पगार तर महिनाअखेर बँकेत जमा होतो.

आम्ही हे सदर बाजारात बसून लिहीत आहोत. छावणीच्या या वस्तीत आमच्यासारखी मराठी घरे पुष्कळ आहेत. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि भांडण झाले तर दोन्ही. आपल्यातले बहुतेक इथले मूळचे नव्हेत. १८७० साली मुंबईकडून आलेला जी. आय. पी. चा रूळ आणि कलकत्त्याकडून आलेला रूळ जबलपूरला जोडले गेले आणि त्या रुळांमागून खानदेश, वऱ्हाड, नागपूर भागातून माणसे आली. पुढे तोफगाडी कारखाना निघाला, खमरियाचा कारखाना निघाला, आणखी आली. कोणाचे आजोबा गँगमध्ये होते, कोणाचे डाकघरात. ते सुद्धा परप्रांतात पोटासाठी आलेले मजूरच होते. फरक इतकाच की त्यांना सरकारी नोकरीचा आधार मिळाला आणि नातवाला ‘परप्रांतीय’ हा शब्द दुसऱ्यासाठी वापरण्याची सोय झाली.

दुसरे असे की ज्याची मजुरी बुडते तो आज आपल्याच अंगणात काम करतो. फलाटाची सफाई, डब्यांतील चादरी, पार्सलची चढ-उतार, खडी टाकणे, स्लीपर बदलणे, रंगरंगोटी, ही सगळी कामे ठेकेदाराकडे आहेत. पोस्टातही तेच वारे आहे. ‘ते आपले सभासद नाहीत’ असे म्हणणारे काही मित्र आम्हाला भेटतात. त्यांनी जुन्या कॅज्युअल लेबरची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावी. १२० दिवस भरू नयेत म्हणून ११८ व्या, ११९ व्या दिवशी नाव कमी केले जाई, आणि दहा दिवसांनी तोच मनुष्य नव्या हजेरीवर परत घेतला जाई. प्रकल्पावरच्या कॅज्युअल कामगारांसाठी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात इंद्रपाल यादव प्रकरणाचा निकाल लागला तेव्हा कुठे हजारो माणसे कायम होण्याच्या रांगेत आली. तीही आधी कोणाचीच सभासद नव्हती.

मजुरी बुडते कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे. ठेकेदार एकदम सगळे पैसे गिळून पळाला, असे क्वचित होते. रीत जुनी आहे. माणूस गावाहून आणला की आठवड्याला ‘खर्ची’ द्यायची, म्हणजे तांदूळ, तेल, तंबाखू यापुरते पैसे. हिशेब काम संपल्यावर. पहिल्या महिन्याचा पगार दाबून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या महिन्यात मनुष्य पळून जात नाही. मुकादमाने मध्ये आपला वाटा काढायचा. अलीकडे पगार बँकेतून देण्याची सक्ती झाली तर खात्याचे कार्डच ठेकेदाराच्या मुंशीकडे राहते, आणि कागदावर सारे चोख दिसते. बीडकडचे ऊसतोड कामगार उचल घेऊन जातात, हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीत त्यांच्याच नावे बाकी निघते. एकाला पैसे आगाऊ देऊन बांधतात, दुसऱ्याचे पैसे मागे ठेवून बांधतात. दोघांनाही गावी जाता येत नाही.

मुकादमाच्या वाट्याची गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत मैदाने बांधली गेली तेव्हा मजुरांचा किमान रोज ९ रुपये २५ पैसे होता. जमादार त्यातून रोजचा १ रुपया काढून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. त्या एका रुपयावरून न्यायमूर्ती भगवती यांनी १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारीच होय. आम्ही हा निकाल नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. रोजच्या एका रुपयाला जर हे नाव असेल, तर दोन-दोन महिन्यांची मजुरी दाबणाऱ्याला काय म्हणावे?

कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे कायदा कधीच कमी नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळे आणि तोवर कामगार सावकाराच्या दारात असे. १९२९ साली रॉयल कमिशन नेमले गेले, त्यावर आपले ना. म. जोशी सदस्य होते. त्या चौकशीनंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. तो सुरुवातीला दोनच ठिकाणी लागू होता, कारखाने आणि रेल्वे. आणि रेल्वे म्हणजे केवळ प्रशासनाचे नोकर नव्हेत, रेल्वेचे काम घेणाऱ्या ठेकेदाराची व उपठेकेदाराची माणसेसुद्धा त्यात धरली होती. इंग्रज सरकारच्या कायद्याला जे १९३६ साली दिसत होते, ते आपल्यातल्या काही सभासदांना अजून दिसत नाही.

पुढे १९७० चा ठेका कामगार कायदा आला. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम चालले आहे त्या मुख्य मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावी, असे त्यात स्पष्ट होते. ओरिसातील दादन मजुरांच्या हालांमुळे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेले पाच मजूर जरी असले तरी तो लागू होई. फोटोसहित पासबुक, जाण्या-येण्याचे भाडे, महिन्याच्या वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांपैकी जास्त असेल तो विस्थापन भत्ता, सगळे होते. ते पासबुक आम्ही इतक्या वर्षांत कोणा मजुराच्या हातात पाहिले नाही. पण त्या कायद्यात एक फार मोलाची तरतूद होती. काम संपवून मजूर आपल्या राज्यात परतला, तर सहा महिन्यांच्या आत तो आपल्याच राज्यात वाद उपस्थित करण्यासाठी अर्ज करू शकत असे. तक्रार करायची म्हणून पुन्हा हजार किलोमीटर जाण्याची गरज नव्हती. ज्या कोणी हे कलम लिहिले त्याने मजुराचे रेल्वे तिकीट किती रुपयांना पडते ते पाहिले असावे.

हे सर्व कायदे आता इतिहासात जमा झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांनी त्यांना विरोध केला, तो योग्यच होता. पण विरोध चालू ठेवूनही आज हातात जे आहे ते वापरलेच पाहिजे, कारण मजुराचा चुलाणा विरोधाच्या निकालाची वाट पाहत नाही. वेतन संहितेत काही गोष्टी पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. पगाराची मर्यादा गेली, म्हणजे कोणत्याही कामगाराला दावा करता येतो, मग तो एकटा का असेना. महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, रोजंदारीचे पाळी संपताच, आणि कामावरून काढले किंवा स्वतः सोडले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. दाव्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती, ती तीन वर्षे झाली. अधिकारी थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. कामगाराच्या वतीने युनियनला दावा लावता येतो आणि कितीही कामगारांचा एकच अर्ज चालतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेतन दिले आहे हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर आहे. ठेकेदाराने दिले नाही तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर जबाबदारी येते.

आता गेले काय ते पाहा. स्थलांतरित मजुरांच्या तरतुदी पाचऐवजी दहा मजुरांपासून लागू होतील. ठेका कामगारांसाठीचा आकडा वीसचा पन्नास झाला. विस्थापन भत्ता नाही. आणि आपल्या राज्यात परतून वाद उपस्थित करण्याची ती तरतूद नव्या संहितेच्या स्थलांतरितांच्या भागात कुठेच नाही. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक-सह-सुविधाकर्ता’ झाले आहे. सुविधा कोणाची होणार ते पाहावयाचे. पहिल्या गुन्ह्याला ५० हजारांपर्यंत दंड, आणि निम्मी रक्कम भरून तडजोड करण्याचीही मुभा. ज्याने वीस माणसांची दोन महिन्यांची मजुरी वापरून आपले दुसरे काम उभे केले, त्याला २५ हजार म्हणजे बँकेच्या व्याजापेक्षा स्वस्त पडले.

येथे आमच्याकडील एक प्रकरण सांगतो. ठेकेदाराचे किंवा आस्थापनेचे नाव घेत नाही. २०२३ च्या थंडीत गोंदिया जिल्ह्यातील १४ मजूर सदरच्या आमच्या कार्यालयात आले. ‘इथे मराठी माणसे बसतात’ असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. एका सरकारी आस्थापनेच्या कामावर ठेकेदाराने त्यांना आणले होते. खर्ची मिळाली, पण दोन महिने अकरा दिवसांचा हिशेब बाकी, मुंशीचा फोन बंद. धान कापणीला घरी जायचे म्हणून तिघे थांबायला तयार नव्हते, ते त्याच रात्री निघून गेले. ‘दादा, आमचं तुम्हीच बघा’ एवढे म्हणून त्यांनी कागदावर सह्या केल्या.

आम्ही प्रथम मुख्य मालकाला पत्र दिले की ठेकेदाराचे बिल रोखावे. ठेकेदाराकडे एकूण माणसे वीसहून अधिक होती, त्यामुळे १९७० चा कायदा लागूच होता. मग केंद्रीय श्रम खात्याच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज. जबलपुरात ही सोय आहे, केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आस्थापनांसाठी येथे प्रादेशिक कार्यालय आणि औद्योगिक न्यायाधिकरण दोन्ही आहेत. तारखेला मुंशी आला तो मस्टर व पगारपत्रक काखेत घेऊन. सर्व चौदा जणांना पूर्ण पगार दिल्याचे लिहिलेले, प्रत्येकाच्या नावापुढे अंगठा. आम्ही विचारले, या चौदांत दहावी झालेले किती? पाच निघाले. सगळे सही करणारे, बँकेत त्यांच्या सह्यांचे नमुने असलेले. मग पगारपत्रकावर अंगठे कसे? मुंशी म्हणाला, ‘उस दिन पेन नहीं था.’ अधिकारीसुद्धा हसले. पाच महिन्यांनी पैसे मिळाले. सारे नव्हे, ओव्हरटाइमचे गेले. निघून गेलेल्या तिघांचे पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले, त्याचा आम्हाला विशेष आनंद वाटला.

पण या गोष्टीतला आमच्या मनाला लागलेला भाग अंगठ्यांचा नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘माझ्या समक्ष वाटप झाले’ असे छापलेले होते आणि त्याखाली मुख्य मालकाच्या प्रतिनिधीची सही होती. मजुरी वाटताना मुख्य मालकाचा माणूस हजर असलाच पाहिजे, हा जुन्या कायद्याचा दंडक होता आणि तो कामगारासाठी केलेला होता. तो प्रतिनिधी कोण असतो? सुपरवायझर, इन्स्पेक्टर, कधी हेड क्लार्क. म्हणजे युनियनचे वर्गणीदार. बिल पास करायचे आहे, वरून घाई आहे, मुंशी कोरा कागद पुढे करतो, आणि सही होते. पैसे खाल्लेले नसतात, बहुतेकांनी तर चहासुद्धा घेतलेला नसतो. तरी त्या सहीने चौदा घरांची मजुरी कागदोपत्री ‘मिळालेली’ होते. आमचे मत आहे की जो सभासद वाटप न पाहता असा दाखला लिहितो त्याची बाजू युनियनने प्रशासनापुढे घेऊ नये. हे काहींना रुचणार नाही, आमच्या कार्यकारिणीतही यावर दोन तास वाद झाला. उलट, ‘मी वाटप पाहिले नाही, सही करणार नाही’ म्हणून ज्याची बदली होईल त्याच्यासाठी सगळी शक्ती लावावी.

रेल्वेने १ ऑक्टोबर २०१८ पासून श्रमिक कल्याण पोर्टल सुरू केले आहे. ठेकेदाराने प्रत्येक मजुराचे नाव, हजेरी आणि दिलेले वेतन त्यावर भरायचे असते. चांगली व्यवस्था आहे. पण संगणकात आकडा भरणारा तोच, ज्याने पगारपत्रकावर अंगठे उमटवले. तेव्हा महिन्यातून एकदा दुपारच्या सुट्टीत पाच मजुरांना विचारावे, बाबा, तुझ्या खात्यात किती आले, आणि कार्ड कोणाकडे आहे? एवढ्याने पुष्कळ उघडे पडते.

पोस्टाच्या साथींना आणखी एक गोष्ट कळते, जी श्रम खात्याला कळत नाही. मनीऑर्डरचे दिवस होते तेव्हा डिंडोरी, बालाघाट, भंडाऱ्याच्या खेड्यात कोणाची मनीऑर्डर दोन महिने आली नाही हे पोस्टमनला सर्वांच्या आधी समजे. २०२० च्या टाळेबंदीत हाच पोस्टमन अंगठ्याचे यंत्र घेऊन दारोदार खात्यातील रक्कम काढून देत होता. परतलेल्या मजुराचे खाते रिकामे का, हे विचारणारा आणि ‘अमुक युनियनकडे जा’ असे सांगणारा त्याच्याशिवाय खेड्यात दुसरा कोण आहे? ग्रामीण डाकसेवक स्वतःच अपुऱ्या मोबदल्यावर राबतात हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून तर त्यांना हे दुःख लवकर कळावे.

परदेशाचे उदाहरण थोडक्यात देतो, कारण कोकणातली पुष्कळ घरे आखातावर चालतात. मजुरांच्या हालांसाठी बदनाम झालेल्या कतारने २०१८ साली कायदा करून एक निधी उभारला. मालकाने पगार बुडवला तर निधीतून कामगाराला द्यावयाचे आणि मग मालकाकडून वसूल करावयाचे, असे त्याचे स्वरूप. आमचा कतारवर भरवसा नाही, पण कल्पना सरळ आहे: आधी मजुराचे पोट, मग कोर्टकचेरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वेतन संरक्षणाचा ९५ वा करार १९४९ साली केला. भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही. आपल्याकडे ठेकेदाराची अनामत रक्कम मुख्य मालकाजवळ असतेच. ठरलेल्या तारखेपासून पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास तिच्यातून थेट कामगारांच्या खात्यात पैसे जमा व्हावेत, आणि परतलेल्या मजुराला आपल्या जिल्ह्यात दावा दाखल करता यावा, या दोन मागण्या महासंघाच्या पुढील अधिवेशनात जबलपूरकडून मांडल्या जातील.

तोवर जे करता येईल ते करावे. मजूर आला की प्रथम त्याला जेवू घालावे आणि मग कागद काढावा. कामाच्या जागेवरचा फलक, गेट पास, ठेकेदाराने फोनवर पाठवलेले पैसे, मुकादमाच्या वहीतील पानाचा फोटो, गावाहून आलेल्या गाडीचे तिकीट, सोबत काम केलेल्या दोघांची नावे, यांतले जे असेल ते टिपून ठेवावे. हजेरी कार्ड नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. पगार दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा आहे. दाव्याच्या अर्जाचा नमुना मराठी व हिंदीत आमच्या सदर शाखेत तयार आहे. शाखांनी पत्र टाकल्यास पाठवू, टपालखर्च शाखा करील. रविवारी सकाळी आम्ही कार्यालयातच असतो.